तुझ्या होडीचा ग्लँड

दादा, आज सव्वीस बादल्या निघाल्या. काल बावीस होत्या. तू गेल्यापासून रोज उजाडताच मी धरणावर जाते, तुझ्या होडीच्या तळातलं पाणी उपसते आणि दहाच्या सुमारास नाशकात द्वारकेला येऊन दुकानाचं शटर वर करते. अकरा दिवसही झाले नाहीत तर बहिणीनं दुकान उघडलं, म्हणून शेजारपाजारचे बघतात. बघू देत. घरी बसून तुझ्या फोटोच्या हाराकडे बघत राहणं माझ्याच्यानं होत नाही, आणि होडी दोन दिवस सोडली तर ती बुडणार हे नक्की आहे.

भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, होडीला भोक पडलं होतं का. भोक पडलं नव्हतं, ते होतंच. इंजिनाचा शाफ्ट होडीच्या बुडातून बाहेर पाण्यात जातो आणि त्याच्या टोकाचा पंखा होडीला ढकलतो. शाफ्ट फिरायचा तर भोवती थोडी फट हवी. त्या फटीत ग्रीसमध्ये भिजवलेल्या सुती दोरीचे चार वेढे ठोकून भरायचे आणि वरून नट आवळायचा. याला आम्ही ग्लँड म्हणतो. विहिरीवरच्या पंपालाही हाच असतो, आणि आपण दोघं त्याच्याच कमाईवर मोठे झालो. लोक मान हलवतात आणि चहाचा कप खाली ठेवतात. शिडाच्या होडीला इंजिन कशाला, असंही एकानं विचारलं. वारा पडला की घरी यायला, असं मी सांगितलं. हे उत्तर तुझंच आहे.

तुझ्यापाशी बोलायची एक गोष्ट माझ्याकडे राहून गेली आहे, दादा. ती मी बोलले नाही म्हणून तिचं ओझं वहिनीच्या डोक्यावर जाऊन बसलं. ती बिचारी ते वाहत होती, रोज थोडी वाकत होती, आणि मी समोर बसून गप्प होते. आता तू नाहीस तर ही गोष्ट कुठे नेऊ, ते मला समजत नाही.

पहिल्यापासून सांगते. चांदवडला हायवेवर आपल्या आण्णांचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. कांद्याला पाणी द्यायच्या दिवसांत दारात पंपांची रांग लागायची, आणि शेतकरी तिथेच उकिडवे बसून राहायचे, कारण पंप घेतल्याशिवाय घरी गेलं तर पीक करपायचं. तू नववीत होतास आणि मी सहावीत. आण्णांनी तुला एक पंप भरायला दिला. तू दोरीचे तुकडे आखूड कापलेस, सगळ्यांचे जोड एकाच जागी आणलेस, आणि वर पान्हा पायावर पाडून घेतलास. आण्णा म्हणाले, "तुझ्या हाताला गुण नाय रं. तू आपला शाळंत जा. पान्हा निमीकडं दे." गिऱ्हाइकं हसली, तूही हसलास. पुढे घरातल्या प्रत्येक लग्नात हा किस्सा कुणीतरी सांगायचं आणि प्रत्येक वेळी तू सगळ्यात मोठ्यानं हसायचास. मला तेव्हा पान्हा मिळाल्याचा आनंद झाला होता. तुझ्याकडे बघायचं मला सुचलंच नाही.

तू भूगोल शिकवायला लागलास. चोवीस वर्षांचा होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हतास, तरी फळ्यावर खडूनं सगळे समुद्र काढायचास. आण्णा गेल्यावर मी दुकान नाशकात आणलं. तू दर रविवारी येऊन बाकावर बसायचास, पेपर वाचायचास, आणि मी काही उघडून ठेवलं की लांबूनच बघायचास. हात लावायचा नाहीस.

लोक निवृत्त झाल्यावर देवदर्शनाला निघतात. तू कोकणातून जुनी शिडाची होडी विकत आणलीस. कसाऱ्याचा घाट चढून ट्रक आला तेव्हा वहिनीनं होडीला कुंकू लावलं, पण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. इगतपुरीकडच्या धरणावर ती ठेवायच्या परवानगीसाठी तू सहा महिने खेटे घातलेस. एक शिपाई तुला म्हणाला होता, सर, धरणात होडी घालून जाणार कुठे, भिंतीपलीकडे शेतंच आहेत. तू त्याला वाऱ्याच्या दिशा समजावून सांगितल्यास. त्यानं कंटाळून सही आणून दिली असावी, असं माझं अजूनही मत आहे.

होडी पाण्यात उतरली आणि पहिल्याच दिवशी ग्लँड गळायला लागला. मी पान्ह्यांची पिशवी घेऊन निघाले तर तू मला दुकानातच अडवलंस. "निमे, तू करून देऊ नकोस. मला शिकव."

दिवाळीत तू आठ दिवस दुकानात बसलास. साठी ओलांडलेला माणूस, चष्म्यावर चष्मा लावून जुन्या पंपात दोरी भरत होता. दोरीची टोकं तिरकी कापायची, एकाचा जोड वर तर दुसऱ्याचा खाली, प्रत्येक वेढा वेगळा ठोकायचा. सात वेळा भरलंस आणि सात वेळा मी उपसून काढलं. आठव्यांदा मी काहीच बोलले नाही, तेव्हा तू विचारलंस, "काय झालं, आवाज गेला का तुझा?" मग होडीच्या फळ्या काढून तू आत शिरलास. पोट मावत नव्हतं. दोन तास आतून फक्त धापा आणि शिव्या ऐकू येत होत्या, आणि भूगोलाच्या मास्तरला इतक्या शिव्या येतात हे मला तेव्हा कळलं.

इंजिन चालू केलं. तू घड्याळ धरून नटाखाली बघत बसलास. एक थेंब पडला. मग दुसरा. "मिनिटाला दहा. बरोबर?"

"अकरा असते तरी चाललं असतं," मी म्हटलं.

तू फडक्यानं हात पुसलेस आणि बराच वेळ हातांकडे बघत राहिलास. तिथूनच वहिनीला फोन लावून दहा थेंबांची बातमी दिलीस. तिला त्यातलं काय कळलं देव जाणे. मला म्हणालास, "आण्णा असायला हवे होते." मी थट्टा केली, आण्णांनी परत उघडून दाखव म्हटलं असतं. आता वाटतं, त्या दिवशी तरी थट्टा बाजूला ठेवून चांगलं झालंय एवढं बोलले असते. चांगलं झालं होतं, दादा. माझ्या हातून होतं त्याच्यापेक्षा कणभरही कमी नव्हतं.

चार महिने ग्लँड तसाच चालला. थेंब पडायलाच हवा हे मीच तुला शिकवलं होतं. त्या थेंबानं शाफ्ट थंड राहतो, नाहीतर दोरी जळते. पण थेंबाथेंबानं तळात पाणी साठायचं आणि ते काढायला तू दिवसाआड पंचवीस किलोमीटर जायचास. तुझ्या हृदयात दोन स्टेंट घातलेले. वहिनी एकदा दुकानात आली, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्हीच त्यांना या नादाला लावलंत. आता तुम्हीच काहीतरी करा. ते माझं ऐकत नाहीत." तिचं चुकत नव्हतं.

मी तुझ्याशी वाद घातला. आठवतं? मी म्हटलं, पंपातून गळलेलं पाणी मातीत जातं, होडीत गळलेलं होडीतच राहतं. इथला नियम वेगळा, थोडा आवळून टाक. तू मान हलवलीस. "नियम शाफ्टचा आहे, निमे. शाफ्टला काय माहीत तो विहिरीवर आहे का धरणात." मी म्हटलं, मला शिकवू नकोस. तू म्हणालास, तूच शिकवलंस तेच सांगतोय. मग वहिनीनं जेवायला बसवलं आणि वाद तसाच राहिला. तुझंच बरोबर होतं, पण माझ्याच्यानं कबूल करवत नव्हतं. धाकट्या बहिणीला पान्ह्याच्या बाबतीत तरी हरायची सवय नव्हती.

होळीच्या आठवड्यात तुला ताप आला. तू फोन केलास, निमे, जरा जाऊन पाणी काढून ये. मी गेले. आठ बादल्या पाणी काढलं. नाकातोंडात गाळाचा वास, गुडघे फळीवर घासलेले, आणि डोक्यात वहिनीचे शब्द. समोर तो नट. आमच्या धंद्यात एक खोड आहे, तुला कधी सांगितली नव्हती. गिऱ्हाइकाला पंप परत देताना तो गळलेला चालत नाही. शेतकऱ्याला टपटप दिसली की तो म्हणतो, काम कच्चं आहे. म्हणून सगळे मिस्त्री देताना ग्लँड करकचून कोरडा करून देतात. शेतकरी घरी नेऊन चालवतो, ग्लँड तापला की स्वतःच नट सैल करतो, आणि सगळं जागेवर येतं. आण्णा हेच करायचे, मीही तीस वर्षं हेच करते. हात सवयीनं गेला, दादा. दीड फेरा आवळला. तो सैल होऊ नये म्हणून वरचा लॉकनटही बसवला. थेंब थांबला. मला वाटलं, तू इंजिन चालवतोसच किती, बहुतेक शिडावरच असतोस. निदान दिवसाआडच्या चकरा तरी थांबतील.

तुला सांगणार होते. फोन तूच आधी केलास. ताप उतरल्या उतरल्या धरणावर गेला होतास. तुझा आवाज मी अजून ऐकते. "निमे, तळ कोरडा आहे. दोरी फुगून आपोआप बसली बघ. इंजिन चाललं की थेंब पडेलच. मी भरलेली दोरी." तू इतका खूश होतास की मला बोलवेना. मी नुसतं हं म्हटलं. मनात म्हटलं, रविवारी येईल तेव्हा हळूच सैल करू.

रविवार आलाच नाही. शनिवारी तू शाळेतल्या जुन्या मास्तरांना घेऊन गेलास. वारा पडलेला होता, म्हणून तासभर इंजिनावर फिरवलंस. पाहुण्यांनी आधी वास आल्याचं सांगितलं, मग फळ्यांतून धूर निघाला.

संध्याकाळी तू दुकानात आलास. रुमालात दोरीचे चार वेढे बांधून आणले होतेस, जळून कोळसा झालेले. माझ्या टेबलावर ठेवलेस आणि म्हणालास, "आण्णा बरोबर बोलायचे."

मी ते वेढे हातात घेतले. बघितल्याबरोबर कळलं काय झालंय, आणि तरी मी म्हटलं, दोरीचा माल खराब आला असेल. "दोरी चांगली होती," तू म्हणालास. "माझंच कुठेतरी चुकलं." मी परत म्हटलं, असेल दोरीच. दोनदा खोटं बोलले, समोरासमोर, माझ्या सख्ख्या भावाशी. तुझा चेहरा बघून सांगायचं धाडस झालं नाही म्हणावं, तर तो चेहरा तसा व्हायला कारणही मीच होते.

शाफ्टला खाच पडली होती. खाच पडलेल्या शाफ्टवर कुणीही दोरी भरली तरी पाणी येणारच, देवानं भरली तरी. पण तुला ते पटेना. तू तीन वेळा दोरी बदललीस. दर वेळी पाणी आलं की म्हणायचास, मला जमत नाही हेच खरं. मी म्हणायचे शाफ्ट बदलायला हवा. तू विचारायचास, शाफ्ट का खराब झाला, मीच ना केला. आणि मी तुझ्यासमोर पान्हा पुसत राहायचे. मला कितीतरी वेळा संधी मिळाली होती, दादा. एकदा तर तू चहा पिता पिता म्हणालास, निमे, तू काही लपवत नाहीस ना, माझ्या मनाला लागू नये म्हणून? माझं काम वाईट होतं हे तोंडावर सांग. तुला वाटत होतं मी तुझी चूक झाकतेय. मी नाही म्हटलं. तेवढंच म्हटलं.

शाफ्ट बदलायला होडी पाण्याबाहेर हवी. तू ठरवलंस, धरण आटत चाललंय, पावसाच्या आधी होडी गाळात बसेल, तेव्हा बदलू. तोवर महिनाभर तग धरायचा. मी बॅटरीवर चालणारा छोटा पंप बसवून दिला. धार इतकी होती की बॅटरी दोन दिवसांत उतरायची. मग तू ती चार्ज करायला वर आणायचास. धरण आटायला लागलं की पाणी काठापासून दूर जातं, म्हणजे दर आठवड्याला चढ लांबत होता. तेवढी जड बॅटरी, तो चढ, वैशाखाचं ऊन आणि दोन स्टेंट. मी म्हणायचे मी येते, तू म्हणायचास दुकान सोडू नकोस. मी मुकाट्यानं लेथवर तुझ्यासाठी नवा शाफ्ट करत बसले. तीन दिवस घासून पुसून आरशासारखा केला. वाटलं, तोंडानं नाही तर हातानं तरी फेडू. तो शाफ्ट कागदात गुंडाळून दुकानात पडलाय. त्याच्याकडे बघवत नाही.

त्या सकाळी धरणावरच्या राखणदाराचा, सोमाचा फोन आला. "ताई, सर हितं काठावर बसल्यात. हाक मारली तं बोलत नाय." मी पोचले तेव्हा तू बॅटरीला टेकून बसला होतास. चष्मा नीट होता. सोमानं तुझ्या डोक्यावर आपला टॉवेल टाकला होता, ऊन लागू नये म्हणून. मी तुझ्याजवळ बसले आणि सगळं सांगायला सुरुवात केली. खरंच, दादा. नट, होळी, दीड फेरा. सोमा ऐकत उभा होता. निम्म्यावर माझ्या लक्षात आलं की उशीर झालाय, आणि मी थांबले.

त्याच सकाळी घरी वहिनीचं आणि तुझं भांडण झालं होतं, हे मला नंतर कळलं. ती म्हणाली होती, "त्या होडीवरच राहायला जा. परत येऊच नका." बायका असं बोलतात, तीसपस्तीस वर्षांच्या संसारात शंभरदा बोलून झालेलं असतं. पण तू परत आला नाहीस. तुला आणलं तेव्हा ती रडली नाही. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "मी म्हटलं येऊ नका, आणि त्यांनी ऐकलं." त्या दिवसापासून ती जेवत नव्हती. दोन घास तोंडात ठेवायची आणि ताट सारायची. कुणी समजावलं की म्हणायची, माझी जीभ काळी आहे.

मी तिच्याशेजारी बसून होते. तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

काल दहावा झाला, रामकुंडावर. तिथले कावळे रोज जेवून सुस्तावलेले, तरी इतर घरांच्या पिंडांना पटापट शिवत होते. तुझ्या पिंडाकडे कुणी फिरकेना. अर्धा तास ऊन खात उभे राहिलो. पद्धतीप्रमाणे एकेक जण पुढे येऊन तुझ्या मनातलं ओळखायला लागला. कुणी म्हणालं, होडी विकणार नाही. कुणी म्हणालं, वहिनीला अंतर देणार नाही. शाळेतले मास्तर म्हणाले, तुमचे नकाशे सांभाळून ठेवू. कावळे भिंतीवर बसून. लोक माझ्याकडे बघायला लागले, कारण मी राहिले होते. मला माहीत होतं काय बोलायचं ते. समोर साठसत्तर माणसं, सगळे आपले, चांदवडचे, शाळेतले, द्वारकेचे. माझे पाय हलले नाहीत.

माझ्याआधी वहिनी पुढे झाली. हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी त्या सकाळी बोलले ते मागं घेते. चूक माझी होती. मला माफ करा."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. गुरुजी म्हणाले, मोकळे झाले. बायका वहिनीला धरून बाजूला नेत होत्या, आणि तिचा चेहरा मी बघितला. इतके दिवस तिला शंका होती, आता तिची खात्री झाली होती. कावळ्यानं साक्ष दिली होती. गावातली, नात्यातली सगळी माणसं आता कायम हेच सांगणार, की ती बोलली आणि तो गेला, तिनं माफी मागितली तेव्हा त्याचा जीव सुटला. दादा, मी तुझ्या आयुष्यात एक नट आवळला, आणि त्याचा सगळा दाब शेवटी हिच्यावर आला. मी काय करायला हवं होतं? तिथंच ओरडायला हवं होतं, की तो कावळा खोटा आहे? सगळे म्हणाले असते, बहीण दुःखानं भ्रमिष्ट झाली.

ती बॅटरी मी परत उचललेली नाही, बादलीनंच उपसते. आज सकाळी होडीवर बादल्या भरताना एक घाण विचार मनात आला. उपसणं थांबवावं. दोन दिवसांत होडी तळाला जाईल, खाच पडलेला शाफ्ट गाळात रुतेल, आणि वर्षभरानं कुणालाच काही आठवणार नाही. बादली हातात तशीच धरून मी किती वेळ बसले माहीत नाही. पाणी हळूहळू घोट्यांपर्यंत चढलं. सोमानं काठावरून हाक मारली, "ताई, थांबल्या का? मी येऊ का?" मी नको म्हटलं आणि परत उपसायला लागले. सव्विसावी बादली टाकली, आणि दुकानाकडे न जाता थेट तुझ्या घरी गेले.

वहिनी मागच्या ओट्यावर एकटी बसली होती. ताट समोर, वरणभात तसाच. मी तिच्यासमोर खाली बसले. साडी गुडघ्यापर्यंत ओली, हाताला ग्रीस.

"वहिनी, ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर मला जमायचं नाही."

मग सांगितलं. होळीच्या आठवड्यात तापात तू मला पाठवलंस तिथपासून. दीड फेरा, कोरडा ग्लँड, फोनवरचं हं, जळालेले वेढे, दोरीवर घातलेला दोष. म्हटलं, वहिनी, नट मी आवळला म्हणून शाफ्ट गेला, शाफ्ट गेला म्हणून धार लागली, धार लागली म्हणून तो बॅटरी घेऊन चढ चढत होता. तुझ्या बोलण्यानं काही झालं नाही. ते तू शंभर वेळा बोललीस आणि शंभर वेळा तो घरी आला. काल तू नाही, मी माफी मागायला हवी होती.

तिनं माझ्या ग्रीसच्या हातांकडे बघितलं. मला वाटलं, आता मला घरातून जायला सांगेल. सांगितलं असतं तर मी गेले असते.

तिनं विचारलं, "त्यांना ठाऊक होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

तिनं ताट जवळ ओढलं. भात कालवला, एक घास घेतला, आणि चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अकरा दिवसांत पहिल्यांदा. रडत रडतच जेवली, पण सगळं जेवली. मग ताटातच हात धुतला आणि म्हणाली, "माझ्यावरचं तुम्ही काढून घेतलंत, वन्सं. ते बरं केलंत. पण मी जिवंत आहे म्हणून मला सांगता तरी आलं. ते तर स्वतःलाच दोष देत गेले. त्यांना कोण सांगणार?"

ती ताट उचलून आत गेली. मी उठले, घरी आले, ओली साडी तशीच ठेवून हे लिहायला बसले.

दादा, दिवाळीत तू भरलेल्या दोरीत काही चूक नव्हती. चारही वेढे बरोबर बसले होते. नट मी फिरवला.